रक्ताचे नाते आणि आनुवंशिक रोग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे, आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. मॅट्रिक होऊन शाळेत मुलांना शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु मंडळाच्या वधूवर सूचीचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि आजचा विषय त्या कामातूनच माझ्यापुढे उभा राहिला. विवाह जुळविताना आपण कुळ पाहतो, शील पाहतो, शिक्षण पाहतो, पत्रिका पाहतो. एवढे सर्व पाहून एक गोष्ट मात्र पाहावयाची राहून जाते. ती राहून गेल्यामुळे एका घरी काय प्रसंग ओढवला, हे मी फार जवळून पाहिले आहे. ते घर माझेच आहे. त्याविषयी पुढे ओघाने सांगेन. आधी ज्या संशोधकाच्या कार्यामुळे ह्या गोष्टीचा मला उलगडा झाला, त्यांच्या कार्याचा परिचय करून देतो.

हैदराबाद येथे पेशी व रेणू ह्यांच्या जीवशास्त्राचा अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’ हे तिचे नाव. सामान्यतः तिला ‘सी.सी.एम.बी.’ म्हणतात. १९७७ साली तिची स्थापना झाली. डी.एन.ए.वरून माणसाची ओळख पटविण्याचे तंत्र भारतात रुजविणारे डॉ. लालजी सिंग हे तिचे एक संचालक होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतरही ज्यांनी भारतातील निरनिराळ्या समाजांच्या आनुवंशिकतेचा चिकाटीने अभ्यास केला, ते डॉ. कुमारसामी थंगराज हे आजच्या माझ्या व्याख्यानाचे नायक होत. आपल्या देशातील जाती-जमातींच्या रक्तात कोणता इतिहास लिहिला आहे, आणि त्या इतिहासाचा आपल्या रोगांशी काय संबंध आहे, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न.

हा प्रश्न समजण्यासाठी आनुवंशिकतेचा पहिला धडा थोडक्यात उजळला पाहिजे. ब्रून गावच्या मठातील ग्रेगोर मेंडेल ह्या धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या रोपांवरील आपले प्रयोग १८६५ साली विद्वानांपुढे वाचून दाखविले. पिवळ्या दाण्यांचा आणि हिरव्या दाण्यांचा वाटाणा ह्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळेच निघतात. हिरवा रंग नाहीसा झाला असे वाटते. परंतु त्यापुढील पिढीत चारांत एक दाणा हिरवा निघतो. म्हणजे तो रंग नष्ट झाला नव्हता, लपून बसला होता.

माणसाचेही असेच आहे. आपल्या देहाच्या घडणीची सूचना देणारा जो ग्रंथ प्रत्येक पेशीत असतो, त्याच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. एका प्रतीत एखाद्या ठिकाणी मुद्रणदोष असला, तरी दुसऱ्या प्रतीत तो मजकूर शुद्ध असल्यामुळे काम अडत नाही. असा मनुष्य पूर्ण निरोगी असतो. त्याला त्या दोषाचा ‘वाहक’ म्हणतात. परंतु नवरा व बायको दोघेही एकाच दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक शक्यता अशी राहते की, दोन्हीकडून सदोष प्रतच त्याच्या वाट्याला येईल. मग तो मजकूर वाचावयास शुद्ध प्रत कोठेच उरत नाही, आणि रोग प्रकट होतो. असे काही ना काही लपलेले दोष आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहेत. त्यात कोणी अपवाद नाही, आणि म्हणूनच कोणाला हिणविण्याचेही कारण नाही.

ह्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईच्याच नावाने जगभर प्रसिद्ध आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अपूर्व रक्तगट शोधून काढला. साध्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटते. परंतु त्या व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. तिला तिच्यासारख्याच दुर्मीळ गटाचे रक्त द्यावे लागते. ह्याला आज सर्वत्र ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. हा रक्तगट म्हणजे रोग नव्हे. पण अपघाताच्या वा शस्त्रक्रियेच्या वेळी तो ठाऊक नसला तर प्राणावर बेतते. तो येतो तोही अशाच दोन लपलेल्या प्रती एकत्र आल्या म्हणजे. आई-वडिलांना त्याची वार्ताही नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लपलेला दोष सर्वांजवळ असतो हे खरे. पण तोच दोष नवऱ्याजवळ आणि बायकोजवळ दोघांजवळही असण्याचा योग केव्हा येतो? दोघांचे पूर्वज एक असतील तेव्हा. मामाच्या मुलीशी विवाह झाला तर हा योग अधिक संभवतो, हे सहज समजते. कारण दोघांचे आजी-आजोबा एकच. परंतु ज्यांचे काही नाते नाही असे आपण मानतो, त्यांचे काय? येथेच डॉ. थंगराज ह्यांचे कार्य उपयोगी पडते.

कल्पना करा की, काही शतकांपूर्वी दुष्काळामुळे म्हणा, युद्धामुळे म्हणा, पंचवीस-तीस कुटुंबे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात येऊन वसली. त्यांनी आपापसांतच सोयरिकी केल्या. पुढे त्यांची संख्या वाढत जाऊन लाखांवर गेली. ह्या लाखो लोकांच्या अंगी जी आनुवंशिक संपत्ती आहे, ती त्या पंचवीस-तीस कुटुंबांचीच. त्यांच्यातील एखाद्या मूळपुरुषाजवळ एक लपलेला दोष असेल, तर तो आज हजारो घरांत पोहोचलेला असेल. एका हस्तलिखितात लेखकाच्या हातून चूक झाली आणि पुढच्या सर्व प्रती त्यावरूनच उतरविल्या, तर ती चूक प्रत्येक प्रतीत दिसावी, तसेच हे आहे.

हा केवळ तर्क नव्हे. डॉ. लालजी सिंग, डॉ. थंगराज आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड राइश ह्यांनी २००९ साली भारतातील २५ समाजांच्या अभ्यासावर एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडील बहुतेक समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले आहेत, असे त्यात दाखविले होते. आणि अनेक समाज थोड्याच पूर्वजांपासून वाढल्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक रोग अधिक आढळतील, असे अनुमानही केले होते. २०१३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मिश्रणाचा काळ काढला. तो सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात आजच्या जवळजवळ सर्व समाजांचे पूर्वज एकमेकांत मिसळत होते. त्यानंतर हळूहळू दारे लागत गेली, आणि ज्ञातीबाहेर विवाह न करण्याची चाल दृढ झाली.

ह्या निष्कर्षावर आपण क्षणभर थांबून विचार करावा असे मला वाटते. आपल्या सभासंमेलनांतून ‘रक्ताची शुद्धता’ हा शब्द अभिमानाने उच्चारला जातो. मीही तो पूर्वी उच्चारला आहे. परंतु शास्त्र सांगते की, ज्याला आपण शुद्ध म्हणतो ते सर्व मुळात मिश्रच आहे. आणि ज्याला आपण शुद्धता राखणे म्हणतो, त्याचा प्रत्यक्ष परिणाम काही वेळा लपलेले दोष एकत्र आणण्यात होतो. पूर्वजांबद्दल कृतज्ञता असावी, त्यांच्या रीतिभाती जतन कराव्यात. मात्र रक्ताचा अभिमान धरण्याजोगे ह्यात काही नाही, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

ह्या विचाराला महाराष्ट्रात पूर्वपीठिका आहे. मुंबईत डॉ. संघवी व डॉ. खानोलकर ह्यांनी १९४९ च्या सुमारास सहा ज्ञातींच्या रक्तातील आनुवंशिक गुणांची तुलना केली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विदुषी डॉ. इरावती कर्वे ह्यांनी जात म्हणजे विस्तारलेला आप्तसमूहच होय, असे आग्रहाने मांडले. आणि १९६८ साली डॉ. मल्होत्रा ह्यांच्यासह त्यांनी एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ ज्ञातींचा शारीरिक व रक्तविषयक अभ्यास प्रसिद्ध केला. आप्तसमूह हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डी.एन.ए. वाचून जे दिसले, ते ह्या शब्दाला पुष्टी देणारेच आहे.

२०१७ साली डॉ. थंगराज, डॉ. राइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजांतील २,८०० हून अधिक व्यक्तींच्या डी.एन.ए.ची त्यात तपासणी होती. पद्धत अशी : एकाच समाजातील दोन व्यक्ती घ्यावयाच्या, आणि त्यांच्या डी.एन.ए.चे किती लांब तुकडे अक्षरशः सारखे आहेत ते मोजावयाचे. तुकडे लांब आणि पुष्कळ असतील, तर त्यांचे पूर्वज नजीकच्या काळात एक होते असे समजावयाचे. ह्या मोजणीत ८१ समाज असे आढळले की, त्यांची मूळ कुटुंबे फारच थोडी असावीत. युरोपातील अश्कनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक हे आनुवंशिक रोगांच्या अभ्यासात नेहमी उदाहरणादाखल घेतले जातात. त्यांच्यापेक्षाही ह्या ८१ समाजांत तो परिणाम अधिक तीव्र होता. आणि ह्यांपैकी १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक होती!

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण म्हणतो, “आपली ज्ञाती मोठी आहे, दहा जिल्ह्यांत पसरली आहे, मुलगा नाशिकचा, मुलगी बेळगावची, नाते कसले?” परंतु आज डोकी किती आहेत ह्यावर हे अवलंबून नाही. आरंभी किती होती ह्यावर आहे. तसेच गोत्राचे. सगोत्र विवाह टाळण्यात आपल्या पूर्वजांचा हेतू चांगला होता, परंतु गोत्र केवळ बापाच्या बाजूने चालते. आईची आई, तिची आई, ह्या बाजूने जे नाते येते ते गोत्रात दिसत नाही. सपिंडाच्या नियमात आईची बाजू धरली आहे खरी. पण तेथे आपल्या दक्षिणेकडील चाल आडवी येते. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची दक्षिणेची चाल बौधायनाच्या धर्मसूत्रातही नोंदलेली आहे, इतकी ती जुनी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तेथे तिला मुभा ठेवली आहे. कायद्याची मुभा आहे म्हणून निसर्गाचीही आहे, असे मात्र नव्हे.

डॉ. थंगराज आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आपल्या निबंधात जे उदाहरण दिले, ते आंध्र व तेलंगणातील वैश्य समाजाचे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलीन नावाचे औषध देतात. त्याचा परिणाम साधारणतः काही मिनिटांत ओसरतो, कारण रक्तातील एक विशिष्ट द्रव्य त्या औषधाचे विघटन करते. ज्यांच्या ठिकाणी हे द्रव्य आनुवंशिक दोषामुळे तयार होत नाही, त्यांचे स्नायू तासन् तास सैल राहतात. श्वासही आपला आपण घेता येत नाही, आणि यंत्राने श्वास चालू ठेवावा लागतो. हा दोष वैश्य समाजात इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आहे. तेथील भूलतज्ज्ञांना ही गोष्ट माहीत असल्यामुळे ते अशा रुग्णाला हे औषध देण्याचे टाळतात. एरवी त्या माणसाला आयुष्यभर काही त्रास नाही. दोष तोच, पण तो ठाऊक असला तर निरुपद्रवी, आणि ठाऊक नसला तर प्राणघातक. माझ्या मते साऱ्या विषयाचे सार ह्या एका उदाहरणात आले आहे. आणि हेही लक्षात घ्यावे की, ही माहिती उघड झाल्याने त्या समाजाची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही. उलट त्या समाजातील कित्येकांचे प्राण वाचले असतील.

प्रत्येक आनुवंशिक रोग ज्ञातीच्या कुंपणातच राहतो, असा मात्र समज होऊ नये. हृदयाच्या स्नायूला बळकटी देणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील २५ अक्षरे गळून गेल्यामुळे होणारा एक दोष डॉ. थंगराज व त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली अभ्यासिला. तो भारतीय उपखंडातील सुमारे शंभरांत चार लोकांजवळ आहे, आणि अनेक जाती, अनेक भाषा, अनेक धर्म ह्यांच्यात पसरलेला आहे. हा दोष असलेल्यांना उतारवयात हृदय दुर्बल होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. धोका अधिक असतो, असे मी म्हटले. रोग होतोच, असे म्हटले नाही. आनुवंशिकता म्हणजे कपाळीचा लेख नव्हे. ज्याला आपला धोका ठाऊक आहे, त्याने वेळीच तपासणी करून घ्यावी, रक्तदाब सांभाळावा, तंबाखू सोडावी, हे त्याच्या हाती आहे.

आता मी माझ्या घरची हकीकत सांगतो. ती येथे सांगावी की नाही, ह्याविषयी मी घरातील मंडळींना विचारले आहे, आणि त्यांच्या संमतीनेच बोलत आहे.

१९९८ साली माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलीचा विवाह माझ्या बहिणीच्या मुलाशी झाला. आत्याच सासू झाली म्हणून सर्वांना आनंद होता. ती सोयरीक मी स्वतः पुढे होऊन जुळविली. पत्रिका मीच पाहिल्या. छत्तीसांपैकी अठ्ठावीस गुण जमले होते. दोन वर्षांनी मुलगा झाला. सहा-सात महिन्यांचा असताना तो पांढरा फटक पडू लागला. आरंभी अशक्तपणा समजून औषधे झाली. शेवटी शहरात नेल्यावर निदान झाले, थॅलॅसेमिया. ह्या रोगात शरीराला पुरेसे रक्त तयार करता येत नाही; दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावे लागते. त्या रक्ताबरोबर येणारे लोह हृदयात व यकृतात साठत जाते, म्हणून ते बाहेर काढण्याची औषधेही आयुष्यभर घ्यावी लागतात. त्या काळी आमच्या गावाहून हे सर्व नियमाने होणे फार कठीण होते. तो मुलगा बुद्धीने तल्लख होता. रक्त चढत असताना तो माझ्याकडून पाढे म्हणवून घेई, आणि मी मुद्दाम चुकलो की हसे. अकराव्या वर्षी, २०११ साली, तो गेला.

मुलगा गेला, आणि घरातल्याच लोकांच्या तोंडून मी शब्द ऐकला : “सून पांढऱ्या पायाची निघाली.” माझ्याच पुतणीविषयी हे बोलणे, आणि तेही तिच्या आत्याच्या घरात! मी त्या वेळी गप्प राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते. कारण सत्य असे होते की, दोष जितका तिच्याकडून आला होता, तितकाच तिच्या नवऱ्याकडूनही. आणि दोघांकडे तो आला होता तो एकाच ठिकाणाहून, माझ्या आई-वडिलांकडून. पुढे मी माझी स्वतःची तपासणी करून घेतली, तेव्हा मीही वाहक निघालो. साठ वर्षे मी धडधाकट हिंडलो, फिरलो, शाळा केली. मला कधी संशयही आला नाही. आज ह्या व्यासपीठावर आपल्यापुढे उभा आहे, तो एक वाहकच उभा आहे. ज्याला कोणाला वाहक म्हणजे रोगी असे वाटत असेल, त्याने माझ्याकडे पाहावे.

त्या दांपत्याला दुसरी मुलगी आहे. ती निरोगी आहे, पदवीधर आहे, आणि आईसारखीच वाहक आहे. यंदा तिचे नाव आपल्या सूचीत आले. तिने हट्ट धरला की, समोरच्या मंडळींना ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावयाची. तिने तसे सांगितले. एका घराकडून निरोप आला की, “मुलीत दोष आहे, आम्हाला क्षमा करा.” त्यांच्या मुलाची तपासणी झालेली नव्हती, आणि तो वाहक नसता, तर त्या दोघांची सर्व मुले ह्या रोगापासून निर्धास्त राहिली असती. खरे बोलणाऱ्या मुलीला नकार मिळाला, आणि ज्यांनी काहीच तपासले नाही त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात. ती मूठ झाकून ठेवण्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे मी आपल्याला आत्ताच सांगितले.

ह्यावर उपाय आहे काय? आहे, आणि तो दुसऱ्या एका समाजाने करून दाखविला आहे. अश्कनाझी ज्यू लोकांत टे-सॅक्स नावाचा एक भयंकर रोग असे. त्यात मूल काही महिन्यांनंतर क्षीण होत जाऊन चार-पाच वर्षांच्या आत दगावते. त्यांच्यात सुमारे तिसांत एक व्यक्ती ह्या दोषाची वाहक असते. १९७१ साली अमेरिकेत डॉ. मायकेल कॅबॅक ह्यांनी ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातच वाहकांच्या तपासणीचा आरंभ केला. पुढे १९८३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रब्बी जोसेफ एक्स्टाइन ह्यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. त्यांची स्वतःची चार मुले ह्या रोगाने गेली होती. त्यांच्या कर्मठ समाजात विवाह वडीलधारी मंडळीच जुळवितात, आणि दोषाची वाच्यता झाली तर मुलीचे लग्न अडते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी एक युक्ती योजिली. तरुणांची तपासणी करून प्रत्येकाला केवळ एक क्रमांक द्यावयाचा. सोयरीक ठरण्यापूर्वी दोन्ही क्रमांक संस्थेला कळवावयाचे. संस्था एवढेच सांगते की, हा संबंध योग्य आहे किंवा नाही. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तेव्हाच नकार. कोणाचेही नाव जाहीर नाही, कोणाची बदनामी नाही. अशा उपायांनी अमेरिका व कॅनडा येथील ज्यू समाजात ह्या रोगाचे नव्वद टक्क्यांहून अधिक निर्मूलन झाले. धर्म सुटला नाही, चालीरीती सुटल्या नाहीत. केवळ मुले मरावयाची थांबली.

आपल्याकडे सूचीत ‘नाडी’ आणि ‘रक्तगट’ असे दोन रकाने आहेत, आणि त्यांनी हे काम भागते असे पुष्कळांना वाटते. हा गैरसमज दूर झाला पाहिजे. नाडीला छत्तीसांपैकी आठ गुण दिलेले आहेत, आणि नाडी म्हणजे रक्ताचेच शास्त्र, असे हल्ली सांगण्यात येते. परंतु नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. एकाच आई-बापांच्या तीन मुलांच्या नाड्या तीन निघू शकतात. त्यांच्या अंगी आलेला आनुवंशिक ठेवा मात्र त्याच दोन माणसांकडून आलेला असतो. मग नाडीवरून रक्तातील दोष कसा कळावा? रक्तगटाचेही तसेच. नवरा-बायकोचा रक्तगट एक असल्याने काही बिघडत नाही. पत्नीचा गट ऱ्हीसस-निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणी डॉक्टरांना सांगून वेळीच सुई घेतली म्हणजे झाले. थॅलॅसेमियाचा पत्ता रक्तगटावरून लागत नाही. त्यासाठी रक्तपेशींची गणना आणि हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करावी लागते. थोडे रक्त दिले की ती होते, आणि आयुष्यात एकदा करून घेतली म्हणजे पुरे. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल ह्या रोगाचे वाहकही ह्याच तपासणीत कळतात. त्या रोगाच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, हे आपण वाचले असेलच.

मंडळापुढे मी नम्रपणे पुढील सूचना ठेवतो. पहिली : ज्ञातीतील अठरा वर्षांवरील मुलामुलींची ही तपासणी विवाहाचा विषय निघण्यापूर्वीच, म्हणजे महाविद्यालयात असतानाच, स्वेच्छेने व्हावी, आणि मंडळाने वर्षातून एकदा त्यासाठी शिबिर भरवावे. दुसरी : तपासणीचा निकाल ज्याचा त्याच्या हाती बंद पाकिटात द्यावा. तो सूचीत छापू नये, आणि मंडळाच्या कार्यालयातही ठेवू नये. तिसरी : केवळ एकजण वाहक आहे म्हणून कोणी सोयरीक मोडू नये. दोघेही वाहक निघाले तर त्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी विवाह करावयाचे ठरविलेच, तर गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. निर्णय त्या दोघांचा. चौथी : प्रत्येक घराने आपल्या वंशावळीत नावांबरोबर आजारांचीही नोंद ठेवावी. कोणाला भूल दिल्यावर शुद्धीवर येण्यास वा श्वास घेण्यास फार वेळ लागला असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पाचवी सूचना पैशाची नाही, श्रमाचीही नाही. मूल आजारी निघाले म्हणून सुनेला दोष देण्याची रीत आपण आजपासून सोडून द्यावी.

ज्ञातिबाहेर विवाह करणाऱ्या मुलामुलींविषयीही एक शब्द सांगतो. त्यांच्यावर रुसणारे आपल्यात आहेत. त्यांनी आपले रक्त बिघडविले असे म्हणण्यास मात्र शास्त्राचा आधार नाही. उलट अशा संबंधात एकच दोष दोन्हीकडून येण्याचा योग बहुधा कमी होतो. ज्यांना ज्ञातीतच विवाह करावयाचा आहे त्यांनी खुशाल करावा. परंतु आपण सारे एका विस्तृत कुटुंबातले आहोत हे जाणून, आणि तपासणी करून करावा.

डॉ. थंगराज ह्यांनी हजारो लोकांच्या रक्तात जे वाचले, ते मला एका मुलाच्या उशाशी बसून, फार उशिरा आणि फार महाग किंमत देऊन कळले. आपल्याला ते आज ह्या सभागृहात कळले आहे. पुढच्या शिबिरात पहिल्या रांगेत माझ्या घरची सर्व तरुण मंडळी उभी राहतील, एवढे वचन मी देतो. आपल्या घरची मंडळी त्यांच्या मागे उभी राहिली, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.